आपाचा शब्द

‘काय गं पंडताइन, मरी नई अब तक?’

भोपाळला पिपलानीतल्या आमच्या कंपनीच्या क्वार्टरात सकाळ उजाडायची ती या वाक्यानं. दोन क्वार्टरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे मंजनाचं बोट तोंडात घालून आपा उभी. मी इकडे तुळशीला पाणी घालत असायचे. काय हे अभद्र बोलणं, तेही तुळशीपुढे! पण मीही काही कमी नाही. ‘तुला पोचवल्याशिवाय कशी जाईन गं भवाने?’ असं म्हणून तांब्या खाली ठेवायचे, आणि मग दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

भोपाळची जुनी माणसं बोलायला फार गोड. आपा तर अस्सल जुन्या शहरातली. पण तिनं तो गोडवा परक्यांसाठी राखून ठेवला होता. कुणाला ती ‘तशरीफ रखिए, जहेनसीब’ म्हणाली की समजावं, हा माणूस तिला आवडलेला नाही. आवडत्या माणसाला ती शिव्या द्यायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मला तर तिनं इतक्या शिव्या दिल्या की माझ्या आईनंही दिल्या नसतील. माझ्याकडून ती मराठी शिकली, तीही नेमकी तेवढीच. ‘मेली’, ‘सटवी’, ‘गधडी’ आणि ‘तुझं डोंबल’. हे तिचे शब्द. एकदा आमच्या नागपूरच्या आत्या आल्या होत्या, त्यांना तिनं मोठ्या अदबीनं विचारलं, ‘चाय लेंगी, सटवीजी?’ आत्याबाई परत जाईपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

तिचा नवरा आणि आमचे हे कारखान्यात एकाच शॉपमध्ये कामाला. त्यांना सगळी गल्ली भाईसाहेब म्हणायची. मूलबाळ नव्हतं. भाईसाहेब मऊ, हळू बोलणारे. आपा म्हणजे तिखटाचा डबा. आणि खायची शौकीन! गोश्त नाही तो दिवस तिला उपासाचा वाटायचा. रविवारी सकाळी भाईसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून स्वतः कसायाकडे जायची, त्याच्याशी भांडायची, परत येऊन त्या भांडणाची गोष्ट मला भिंतीवरून सांगायची. मी म्हणायचे, ‘पुरे गं, मला शिसारी येते.’ ती म्हणायची, ‘तेरी लौकी की सब्जी सुन के मुझे भी आती है. मैं बोलती हूँ क्या?’

पण स्वयंपाकाला बसली की आमच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची. ऐन मे महिन्यात, भट्टीसारख्या त्या स्वयंपाकघरात, खिडकी बंद. मी कधी लाव म्हटलं नव्हतं. तिच्याकडे खिळ्याला एक कढई वेगळी टांगलेली असायची, ती माझी. तिच्यात दुसरं काही शिजायचं नाही. मी गेले की तिच्यात भजी तळायची आणि माझ्यासमोर बसून, ‘खा, मेली,’ म्हणायची. माझं म्हणाल तर रमजानात मी दुपारी फोडणी देत नसे. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा भिंतीवरून ओरडली, ‘तू शौक से बघार, मेरा रोजा इतना कच्चा नई है!’

‘मग तू खिडकी का लावतेस?’ मी विचारलं.

‘गधडी!’ ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्यात ‘आपण सगळे एकच’ वगैरे भाषणं कधी झाली नाहीत. एक नव्हतोच मुळी. माझा एक मावसभाऊ पुण्याहून आला होता, मोठा पुरोगामी. घरी जन्मात अंड्याला हात लावला नाही, पण आपाकडे जाऊन हट्टानं मटण मागून खाल्लं, आणि खाताना मोठमोठ्यानं सांगत होता की मी असलं काही मानत नाही. आपानं त्याला पोटभर वाढलं, वर पान दिलं. तो गेल्यावर मला म्हणाली, ‘तेरा भाई मुझे खुश करने को अपना धरम चबा गया. ऐसे आदमी का मैं क्या भरोसा करूँ?’ मी त्याची बाजू घ्यायला गेले, पण खरं सांगायचं तर मलाही तो त्या दिवशी आवडला नव्हता.

अशी आमची नोकरीची वर्षं गेली. नोकरी ह्यांची, पण टाऊनशिपमध्ये बायकांचीही नोकरीच असते. निवृत्ती आली की क्वार्टर सोडायचं, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि तरी कुणाचा विश्वास बसत नाही. शॉपमधल्या लोकांनी मिळून हाऊसिंग सोसायटी काढली. शहराच्या कडेला जमीन बघितली. ती जमीन मिळवली कुणी? भाईसाहेबांनी. तहसिलीत त्यांचा शाळेतला दोस्त होता. वर्षभर हा माणूस ह्यांना मागे बसवून स्कूटरवर खेटे घालत होता. ऊन नाही, पाऊस नाही. जमीन झाली तेव्हा सगळ्यांनी त्यांना हार घातला. आमचा आणि त्यांचा प्लॉट शेजारी शेजारी ठरला. आपानं मला बजावलं, ‘वहाँ भी दीवार इत्तीच रखना. ज्यादा ऊँची की तो तोड़ दूँगी.’

नंतर शहरात दंगलीचे आणि कर्फ्यूचे दिवस आले. पिपलानीत काही झालं नाही. म्हणजे दगड पडले नाहीत. लोक पूर्वीसारखेच हसायचे, ईदला शीरखुर्मा खायला यायचे, वाटी चाटूनपुसून ठेवायचे. पण आपापसात वेगळं बोलायला लागले होते, आणि मी जवळ गेले की विषय बदलायचे.

आणि अशात भाईसाहेब गेले. शॉपमधून घरी आले, बूट काढायला वाकले ते उठलेच नाहीत.

आता आपाचं काय होतं ते नीट सांगते. मूल नाही. क्वार्टर सोडायला कंपनीनं थोडी मुदत दिलेली. जुन्या शहरात एक भाऊ होता, पण त्याची बायको आणि आपा यांचं लग्नापासून पटलेलं नव्हतं. एकमेकींना त्या ‘तशरीफ रखिए’ म्हणायच्या, यावरून काय ते समजा. राहिला तो प्लॉट. त्यावर दोन खोल्या बांधायच्या आणि माझ्या शेजारी मरेपर्यंत राहायचं, एवढं एकच तिला हवं होतं. माझा हात धरून तिनं हे मला सांगितलं. शिवी न देता ती माझ्याशी बोलली असेल तर तेव्हाच.

मग सोसायटीची मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी म्हणजे आपल्यातलेच, उज्जैनकडचे मराठी गृहस्थ. बोलणं लोण्यासारखं. त्यांनी उभं राहून ठराव मांडला: सोसायटी शुद्ध शाकाहारी असावी. घरात मांस, मच्छी, अंडं शिजवणार नाही असं प्रत्येक सभासदानं मान्य करावं. पुढच्या रांगेत आमचे बंगाली दादा बसले होते. मासळीवाचून ज्या माणसाच्या घशाखाली भात उतरत नाही तो माणूस! मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. बरं, पंखा बंद होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा नियम कुणासाठी आहे. हॉलमधल्या प्रत्येकाला ते आधीच ठाऊक होतं.

आपा मागे बायकांत बसली होती. नवऱ्यामागे घराबाहेर न पडता पाळायची तिची इद्दत संपून थोडेच दिवस झाले होते. ती उठली. डोक्यावरची ओढणी सारखी केली.

‘मंजूर है,’ ती म्हणाली. ‘अल्लाह को हाजिर-नाजिर जान के, आप सबके सामने बोल री हूँ. आज से गोश्त, मच्छी, अंडा, कुछ नई. ना मेरे घर में, ना मेरे मूँ में.’

सेक्रेटरींचं तोंड तर असं झालं, जसं दार ढकलायला जावं आणि ते आधीच उघडं असावं. ‘वा, आपा, आपका बड़प्पन,’ असं काहीतरी ते पुटपुटले आणि चहा मागवला.

घरी येताना मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. ‘अगं वेडे, आधी प्लॉटचं पक्कं करून घ्यायचंस, मग शपथ घ्यायची! त्यांनी अजून काही कबूल तरी केलंय का? आणि घरात शिजवणार नाही म्हटलं असतंस तरी भागलं असतं. तोंडात नाही, हे कुणी मागितलं होतं?’

‘अधूरी कसम क्या कसम होती है?’ ती म्हणाली. ‘बाहर जा के खाऊँ और तेरे बाजू में आ के डकार दूँ?’

‘आणि त्यांनी नाहीच दिला प्लॉट तर?’

‘कैसे नई देंगे? अब बोलने को बचा क्या उनके पास?’

इथेच चुकली ती. तिला वाटलं, कारण संपलं की माणूस गप्प बसतो.

प्लॉट वाटपाचा नकाशा लागला तेव्हा आमच्या शेजारी घर नव्हतंच. तिथे हिरव्या रंगात ‘बगीचा’ लिहिलं होतं.

मी तशीच सेक्रेटरींच्या घरी गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, ‘वहिनी, आमच्या मनात काही नाही हो. पण उद्या त्यांच्याकडे पाहुणे येणार, नातेवाईक येणार. पुढेमागे त्यांचा भाऊ घर कुणाला विकेल? आणि त्यांच्या दृष्टीनंही बघा, एकट्या बाईमाणसाला आपल्या लोकांत राहिलेलं बरं.’

‘तुमच्या मनात काही नाही ते दिसतंच आहे,’ मी म्हटलं. ‘मन असतं तर काहीतरी असतं!’ पुढचं जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या बायकोनं खिडक्या लावून घेतल्या.

आमचे हे भांडणारे नव्हेत. ते एकेका सभासदाच्या घरी जाऊन आले. आल्यावर चपला काढून नुसते बसून राहिले. सगळ्यांचं मत आपाच्या बाजूनं होतं म्हणे. एकूण एक सगळ्यांचं! फक्त बाकीच्यांना चालणार नाही, अशी प्रत्येकाला काळजी.

मी जाहीर केलं की मी तिकडे राहायला जाणार नाही. आपानं ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि ती चप्पल हातात घेऊन आमच्या दारात आली. ‘तेरे आदमी को बुढ़ापे में किराये के मकान में सड़ाएगी? मेरे नाम पे? खबरदार! एक घर तो रहने दे, जहाँ मैं मिलने आ सकूँ.’ आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. मीही रडले. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. त्यांच्या डोळे पुसण्याचा मला आजही संताप येतो.

ती भावाकडे गेली. आम्ही सोसायटीत घर बांधलं आणि तिकडे राहायला गेलो. ती भेटायला मात्र कधी आली नाही. मी बोलावलं की म्हणायची, ‘बगीचे में क्या देखना है मुझे?’ मग मीच जायचे, भोपाळात ज्याला भटसुअर म्हणतात त्या खडखड्या टेंपोत बसून. गल्ल्यांतून तिच्या भावाच्या घरी पोचेपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची.

बकरीदच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आपा अंगणात बसून सगळ्या घराचा कोरमा रांधत होती. तिच्या हातचाच सगळ्यांना हवा असायचा. सगळे जेवायला बसले. आणि ही बाजूला मोरीपाशी पाटावर बसून चटणीशी रोटी खात होती. माझा विश्वासच बसेना. मला वाटलं होतं, तो विषय प्लॉटबरोबरच संपला असेल. तिची भाभी मला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘पंडताइनों में रह के पंडताइन हो गई हैं. अब हमारे हाथ का भी कहाँ भाएगा.’ पोरं हसली. आपानं रोटीचा पुढचा तुकडा मोडला. ही बाई, आणि काही बोलली नाही!

‘अगं, त्यांनी तुला घर दिलं नाही. मग शपथ कसली पाळतेस?’ गल्लीच्या तोंडाशी मी तिला विचारलं.

‘मैंने ये बोला था क्या, कि घर दोगे तो नई खाऊँगी? मैंने बोला, नई खाऊँगी. बस.’

‘तुझं डोंबल,’ मी म्हटलं.

‘चल निकल, तेरा भटसुअर जाएगा,’ ती म्हणाली.

इकडे सोसायटीत वर्ष पुरं व्हायच्या आत बंगाली दादांकडे रविवारी मोहरीच्या तेलात मासे तळले जायला लागले. वास सगळ्या ओळीत फिरायचा. सेक्रेटरींचा मुलगा मंडीदीपला कारखान्यात लागला. तो दर पगाराला तंदुरी कोंबडी आणायचा आणि मित्रांना घेऊन गच्चीवर बसायचा. हाडं सकाळी बगीच्यात पडलेली दिसत. मीटिंगमध्ये मी हे काढलं तर सेक्रेटरी म्हणाले, ‘वहिनी, तरुण मुलं आहेत. आणि दादांची ती संस्कृती आहे. कुणाला त्रास तर नाही ना?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम अजून कागदावर आहे. फाटकावर पाटीसुद्धा आहे, दरवर्षी रंगवतात.

हे मी आपाला सांगितलं नाही. काय म्हणून सांगायचं? मेलेल्याला आणखी मारण्यासारखं ते.

मग तिचं दुखणं सुरू झालं. अंगात रक्त राहीना, अन्न जिरेना. चुलीवरच्या तव्यासारखी काळी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, बोकडाची हाडं उकळून केलेली यखनी द्या, रोज द्या, नाहीतर ही उठत नाही. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं. भावानं मौलवींना आणलं. त्यांनी समजावलं की जीव वाचवायला सगळं माफ असतं, आणि कसम मोडली तर दहा गरिबांना जेवू घातलं की फिटते. भावानं तर मोजून दहा जणांना जेवू घालूनही टाकलं. आपा म्हणाली, ‘अल्लाह तो माफ कर देगा. उस हॉल वालों को मैं बोलने का मौका नई दूँगी.’

शेवटी भाभीचा मला फोन आला. आयुष्यात पहिल्यांदाच. ‘आपके पीछे गोश्त छोड़ा है, आप ही आ के खिलाओ,’ म्हणाली आणि ठेवून दिला.

मी गेले तेव्हा दुपार होती. आपा खाटेवर होती. खाटेवर होती म्हणायचं, चादरीखाली माणूस आहे हे शोधावं लागत होतं. भाभीनं वाटीत गरम यखनी आणून माझ्या हातात दिली आणि दाराशी उभी राहिली. जन्मात मी असली वाटी हातात धरली नव्हती.

‘पी,’ मी म्हटलं.

तिनं मान फिरवली.

मग माझा तोल गेला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. दादांचे मासे, गच्चीवरची कोंबडी, बगीच्यातली हाडं, रंगवलेली पाटी. ‘सगळे खातात, आपा! एकजण पाळत नाही! कुणासाठी मरते आहेस तू?’

ती हसायला लागली. आवाज नव्हता, नुसतं अंग हलत होतं. ‘मतलब तेरी सोसायटी की पक्की मेंबर मैं अकेलीच,’ ती म्हणाली. ‘जा, सेक्रेटरी को बोल, मेरे को हार पहनाए.’

‘आपा, तुझ्या पाया पडते.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे तेवढे जुने राहिले होते, तिखट. ‘तू पिएगी?’ ती म्हणाली. ‘एक चम्मच. तू पी, फिर मैं पियूँगी.’

दारात भाभी एकदम सरळ झाली.

तुम्ही म्हणाल, ती गंमत करत होती. असेल. मी विचार केला नाही. देवाला सांगितलं, तू बघून घे, आणि चमचा भरून तोंडाशी नेला.

तिचा हात कुठून आला कोण जाणे. त्या काटकीत एवढा जोर होता! चमचा भिंतीवर आपटला, वाटी उलटली, खाट, चादर, माझं लुगडं, सगळं भिजलं. ‘पागल!’ ती धापा टाकत ओरडत होती. ‘पागल औरत! मेरे वास्ते अपना धरम डुबोएगी? लगा क्या? होंठ को लगा क्या? सच बोल!’

ओढणीचं टोक घेऊन ती माझे ओठ पुसायला लागली. हात नीट पोचत नव्हता, माझ्या हनुवटीवर, नाकावर, कुठेही पुसत होती. ‘सच बोल, लगा तो नई?’

‘नाही लागलं,’ मी म्हटलं.

लागलं होतं.

‘कसम खा.’

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. मग ती शांत झाली. भाभीनं पुढे येऊन चादर बदलली. वाटी तिनं पुन्हा भरून आणली नाही.

त्याच आठवड्यात आपा गेली. मी पोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं. आतल्या खोलीत सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, सगळ्या अनोळखी. मी कपाळावरच्या कुंकवासकट दारात उभी राहिले तशी कुजबूज थांबली. एका म्हातारीनं भाभीला विचारलं, ही कोण?

भाभीनं वर पाहिलं. ‘ये वो हैं,’ ती म्हणाली, ‘जिनके बाजू में रहने के वास्ते आपा भूखी मर गईं.’

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. खोटं काय होतं त्यात?

‘हो,’ मी म्हटलं, ‘मीच ती.’

भाभी थोडी सरकली आणि तिनं सतरंजीवर आपल्याशेजारी मला जागा करून दिली.